फोनचा धडा आणि वडनेरची जीप

चौथीच्या पोरांना फोनचा शोध शिकवायचा तर आधी फोन दाखवायला पाहिजे, आणि आमच्या गावात फोनच नव्हता. हिंगणीवरून बोर धरणाकडे जाताना जंगलाला लागून ते गाव. नव्वदच्या दशकाचा मधला काळ, आणि मी तिथल्या शाळेत मास्तरीण. एस.टी. यायची तेव्हा यायची, वीज तिच्या मर्जीची होती, आणि कुणाला फोन करायचाच असेल तर हिंगणीच्या एस.टी.डी. बूथवर जाऊन रांगेत उभं राहावं लागायचं. पण धडा होता, म्हणजे शिकवणं भाग होतं. पुस्तकं करणारे शहरात पंख्याखाली बसून करतात, त्यांचं काय जातं!

मग मी माझ्या पद्धतीनं शिकवायची. पोरांना सांगायची, गळ्यावर हात ठेवा आणि म्हणा "आ". थरथरतं ना? तोच आवाज. आवाज म्हणजे दुसरं काही नाही, थरथर आहे. एका रिकाम्या डब्याच्या तोंडावर पतंगाचा कागद ताणून बांधायची, वर ज्वारीचे चार दाणे टाकायची आणि एकाला म्हणायची, डब्याजवळ तोंड नेऊन ओरड. दाणे टणाटण उडायचे, वर्ग खदखदा हसायचा. आता म्हणायची, असाच एक पातळ पडदा फोनमध्ये असतो. तुम्ही बोललात की तो थरथरतो. त्या थरथरीनं तारेतली वीज कमीजास्त होते, तशीच कमीजास्त होत ती दुसऱ्या टोकाला जाते आणि तिथला पडदा अगदी तशीच थरथर करतो. तिकडच्या माणसाला वाटतं, आपलं माणूस कानाशीच बोलून राह्यलं. शेवटी माचिसच्या दोन रिकाम्या डब्या आणि गोधडीचा दोरा. दोरा ताणलेला पाहिजे, मध्ये कुठं टेकता कामा नये, नाही तर आवाज तिथंच मरतो. पुढं दोन हजार सालानंतर घरोघरी मोबाईल आले आणि पोट्टे माझ्या माचिसला हसायला लागले. हसा म्हटलं, तुमच्या मोबाईलची आजी आहे ती.

पण त्या वर्षीचा धडा मी विसरले नाही. त्या वर्षी मला माझ्या आईशी बोलायचं होतं. एकच गोष्ट, आणि मध्ये तिसरं कोणी नको होतं. इतकी साधी इच्छा कुणाची नसेल, आणि ती काही केल्या पुरी होत नव्हती.

आई राहायची वडनेरला, हिंगणघाटच्या पुढं. वडील मी लहान असतानाच गेलेले. आई एकटी, थोडी शेती बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलेली, आणि कानानं अधू. अधू म्हणजे अगदी दगड नाही, पण कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं ओरडलं तरच तिच्यापर्यंत जायचं. चिठ्ठी लिहावी तर तिला वाचता येत नव्हतं. आणि फोन तिच्या गल्लीतल्या किराणा दुकानात. दुकान एका मारवाडी सेठजींचं, पण चालवायची सेठाणी. गल्ल्याच्या बाजूला फळीवर फोन, त्यावर विणलेलं झाकण, डायलला इवलंसं कुलूप. दिवाळीला लक्ष्मीसोबत फोनलाही हळदकुंकू लागायचं. गल्लीतल्या सगळ्यांचा पी.पी., म्हणजे शेजारच्या फोनचा, नंबर तोच. लग्नाच्या पत्रिकेत छापायला, नोकरीच्या अर्जात लिहायला, सोयऱ्यांना द्यायला, सगळ्याला तोच नंबर.

मी हिंगणीच्या बूथवरून फोन लावायची आणि म्हणायची, आईला बोलवा, मी परत लावते. सेठाणी दुकानाच्या पायरीवर येऊन आईच्या नावानं हाक मारायची. ती हाक आईला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जायची. मग कोणी तरी आईचा हात धरून तिला घेऊन यायचं. आणि जो घेऊन यायचा तो बोलणं ऐकायला थांबायचा, तो त्याचा हक्कच समजला जायचा. आई फोन कानाला लावायची आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात एका दमात म्हणून टाकायची, "मी बरी आहो. तू बरी आहे ना? वेळेवर जेवत जाजो. येजो." की लगेच फोन सेठाणीच्या हातात. माझं काही ऐकायची ती वाटच पाहायची नाही, कारण ऐकू येणार नाही हे तिला ठाऊक होतं.

"बोल बेटा," सेठाणी म्हणायची, "मी सांगते तिले."

आणि सांगायची! मी इकडं बोलेन ते तिकडं आईच्या कानात ओरडून. भारी मायेची बाई होती, तिच्याबद्दल वाकडं बोलले तर माझी जीभ झडेल. पण माझं सगळं बोलणं तिच्या तोंडातून जायचं, आणि दुकानात तेलासाठी उभा असलेला माणूससुद्धा माझ्या आईच्या आधी ऐकायचा. मला दिवस गेले तेव्हा मी हळूच सांगितलं होतं. सेठाणीनं आईच्या कानात बोंब मारली, "अवं, तुह्या पोरीले दिवस गेले!" दुकानात एकच गलका झाला. कोणी तरी फोनमध्ये तोंड घालून म्हणालं, "पेढे पाहिजे वो बाई!" सेठाणीनं सगळ्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला म्हणे. खोटं कशाला बोलू, तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

पाचव्या महिन्यात पोटातलं ते गेलं. वर्ध्याच्या दवाखान्यात राहिले आणि रिकाम्या हातांनी घरी आले. सासरची माणसं येऊन गेली, म्हणाली, झालं ते झालं, वय काय पळून चाललं का. शेजारणी म्हणाल्या, होईल लवकर दुसरं. हे, म्हणजे माझे यजमान, सेलूला एका ऑफिसात कारकून होते. सकाळी भांडी घासून ठेवायचे, पाणी भरायचे आणि डबा घेऊन निघून जायचे. त्यांचंही आत तुटत होतं, मला दिसत होतं. पण दोघांच्या मध्ये ते मूल असं बसलेलं होतं की त्याच्यावरून हात लांब करायची कुणाची हिंमत होत नव्हती.

मला आई पाहिजे होती. तीस वर्षांची घोडी झाले होते, पोरांना पाढे शिकवत होते, आणि रात्रंदिवस मला आई पाहिजे होती. पण फोनवर सांगू कसं? ज्या दुकानात गूळ वाटला त्याच दुकानात सेठाणी आईच्या कानात ओरडून सांगणार, तेलाला आलेला माणूस ऐकणार, हळहळणार, दोन बाया पदर तोंडाला लावणार. नको, नको. माझं दुःख काही चौकात वाटायचं नव्हतं. मी स्वतः जाईन म्हटलं तर दवाखान्यातून एस.टी.चे धक्के नको म्हणून बजावलेलं. सुट्टीही संपली. शाळा घरापासून चार पावलांवर, मी पुन्हा कामावर जायला लागले.

शेवटी एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, जाताना हिंगणीवरून वडनेरला फोन लावा. पण कारण सांगायचं नाही. दवाखाना म्हणायचं नाही, मूल म्हणायचं नाही. तब्येत बरी नाही, आईला घेऊन या, एवढंच म्हणा आणि ठेवून द्या. ह्यांनी तसंच केलं. पुढं त्यांनीच मला सांगितलं, की तेवढं बोलतानाही त्यांचा गळा दाटून आला, सेठाणी "हॅलो, हॅलो" करत राहिली आणि ह्यांच्यानं बोलवेना, म्हणून फोन ठेवून दिला.

आता आमच्याकडची रीत ज्याला ठाऊक आहे त्यानं कपाळावर हात मारलाच असेल. आमच्याकडं मेल्याची खबर "मेला" म्हणून कोणी देत नाही. ऐकणारा घरी एकटा असेल, लांबचा रस्ता असेल, वाटेत त्याचं काही बरंवाईट होईल. म्हणून म्हणायचं, "तब्येत जरा बरी नाही, घेऊन या." ऐकणाऱ्यानं काय ते समजायचं आणि निघायचं. काय झालं, कसं झालं, असं उलटून विचारायचं नसतं. आणि ही खबर कधी बाईमाणूस देत नाही, जावई देतो, नाही तर दीर. गळा दाटलेला असतो आणि फोन मध्येच ठेवला जातो. आम्ही दोघांनी मिळून रीतीप्रमाणं माझ्या मरणाची खबर वडनेरला पोचवली होती, आणि आम्हाला त्याचा पत्ताच नव्हता!

त्या दिवशी दुपारी माझा फोनचा धडा चालला होता. ज्वारी उडवून झाली होती. माचिसच्या एका डबीत मी, दुसरी डबी पार दाराजवळ दोन वेण्यांच्या एका पोरीच्या कानाला. मी गोष्ट सांगत होते. ज्यानं फोनचा शोध लावला तो मुळात मास्तर होता. बहिऱ्या पोरांना बोलायला शिकवायचा. त्याच्या आईला ऐकू येत नव्हतं. तिच्या कपाळाला तोंड लावून तो खालच्या आवाजात बोलायचा, म्हणजे हाडातून तरी तिला कळावं. पुढं ज्या मुलीशी लग्न केलं तिला तर मुळीच ऐकू येत नव्हतं. तो रात्रंदिवस आवाजाचाच विचार करायचा, आवाज लांब कसा न्यावा याचा. आणि तारेतून पहिल्यांदा काय बोलला असेल? काही थोर नाही. बाजूच्या खोलीतल्या त्याच्या मदतनिसाला म्हणाला, ये इकडं.

"बाजूच्याच खोलीत होता तं हाक मारायची ना बाई!" मागून एक जण म्हणाला. वर्ग हसला, मीही हसले.

दोन वेण्यांची पोरगी हसली नाही. डबी कानाची तोंडाशी आणून म्हणाली, "बाई, मंग त्याच्या आईले फोनमधून ऐकू ये का?"

"नाही गं," मी म्हटलं.

"मंग त्यानं काऊन बनवला?"

मास्तरणीला उत्तर येत नाही असं कधी दाखवायचं नसतं, म्हणून मी दोरा नीट करायला लागले. डोळ्यात पाणी आलं ते पोरांना दिसू नये म्हणून खाली वाकले. तेवढ्यात मैदानात जीप शिरली.

जीप थांबली न थांबली तोच आतून रडणं सुरू झालं. "माय वो बाई, कशी गेली वो बाई..." बाया उतरत होत्या, पदर तोंडाला. पुरुष उपरणं डोळ्याला लावून. ती सगळी वडनेरची, आमच्या गल्लीतली माणसं. वडनेरहून जीप भरून माणसं रडत आली, म्हणजे आपलं कोणी तरी गेलं! मी हातातल्या डबीसकट बाहेर धावले, दोरा पोरीसकट माझ्या मागं. आणि मीही मोठ्यानं रडायला लागले.

"कोण गेलं वो? कोण गेलं?"

सगळं रडणं एकदम थांबलं. सेठाणी सगळ्यात पुढं होती. तिनं माझ्याकडं पाहिलं, माझ्या पायांकडं पाहिलं, आणि किंचाळली, "अरे देवा! तूच तं गेलती ना!"

मग जे झालं ते सांगायला मला आजही शब्द पुरत नाहीत. एक जण मटकन खाली बसला. एक जण हसायला लागला आणि त्याला हसू आवरेना. त्यांनी गावात शिरताना विचारलं होतं, बाई कुठं आहेत. कोणी तरी म्हटलं, बाई शाळेत आहेत. तर जीपमध्ये म्हणे सगळे हळहळले, की मास्तरीण होती ना, लोकांना पाहायला सोपं जावं म्हणून शाळेतच ठेवलं असन. सेठाणी माझे गाल चाचपडत होती आणि शिव्या देत होती. "ऐसा कोई करता है क्या? फोन काऊन ठेवला तुह्या नवऱ्यानं? जीव गेला असता ना तुह्या मायचा!"

आई शेवटी उतरली. तिला यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं. छातीशी एक गाठोडं धरलेलं. सवाष्ण गेली की माहेरची साडी लागते, हिरवी, आणि बांगड्या. ती साडी घेऊन माझी आई सारा रस्ता जीपमध्ये बसली होती, आणि सेठाणी म्हणाली, वाटेत एक टिपूस तिनं काढलं नाही. ती खाली पाहत माणसांतून वाट काढत आली आणि मला पाहून उभी राहिली. गाठोडं खाली पडलं. सेठाणीनं ते झटकन उचलून जीपमध्ये फेकलं. नंतर हिंगणघाटच्या पुलावरून पाण्यात सोडून दिलं म्हणे, असल्या साडीला घरात नेत नसतात.

आईनं दोन्ही हातांनी माझं तोंड धरलं. मग डोक्यावरून हात फिरवला, खांद्यावरून, दंडावरून, लहान लेकरू पडल्यावर कुठं लागलं ते पाहतात तसं. हात फिरत फिरत पोटावर आला आणि थांबला. तिनं माझ्या डोळ्यांत पाहिलं. एवढ्या माणसांतही हात तिथंच ठेवला.

मयतीला आलेली माणसं त्या घरचं पाणी पीत नाहीत, पण आता मयतच नव्हती, म्हणजे ती पाहुणी झाली! गावातल्या बायांनी चहा मांडला, पोहे केले. वडनेरच्या कुणालाही खरं सांगितलं नाही, जरा ताप होता म्हटलं. सेठाणी पोहे खाता खाता म्हणाली, "मरणाची खोटी खबर आली का आयुष्य वाढते बेटा. तुले तं आता शंभर वर्सं मरण नाई." सगळे हो हो म्हणाले. वाढलेलं आयुष्य मला काय करायचं होतं? ते ज्याला द्यायचं ते आधीच निघून गेलं होतं. परत गेल्यावर घरात शिरायच्या आधी आंघोळ करायची का नाही, यावर माणसांचा जीपमध्ये बसेपर्यंत वाद चालला. जीप गेली, आई राहिली.

आई आली, आता तरी बोलता येईल. पण कुठलं काय! आमच्या भाड्याच्या दोन खोल्या, भिंतीपलीकडं घरमालकाचं कुटुंब. आईला काही सांगायचं म्हणजे ओरडून सांगायचं, आणि ओरडलं की पलीकडचं पोळीचं लाटणं थांबायचं. आम्ही वांग्यांच्या भावाबद्दल बोललो. माझ्या केसांना तेल लावता लावता ती वडनेरच्या म्हशींबद्दल बोलली. एवढी जवळ बसलेली आई, तिचे गुडघे माझ्या पाठीला लागत होते, आणि मला वाटत होतं ती अजून वडनेरलाच आहे.

आईला जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. माझ्या मोबाईलमध्ये तिचा नंबर कधी नव्हताच. तरी एखाद्या संध्याकाळी फोन हातात घेते आणि बसून राहते. कोणाला लावायचा होता ते मला माहीत असतं.

तेव्हा, जीप गेल्यानंतरच्या रविवारी सकाळी, आई म्हणाली, "चाल, तुहं धरण दाखव मले." आम्ही हळूहळू चालत, थांबत, धरणाच्या पाळीवर गेलो. एका बाजूला पाणी, एका बाजूला जंगल. माणसाचं नाव नाही. आईनं पदर खोचला, एका दगडावर बसली आणि म्हणाली, "बोल आता. इथं कोणी नाई."

म्हणजे तिला सगळं कळत होतं!

मी बोलले. जे बायका कानात कुजबुजत सांगतात ते मी त्या पाळीवर ओरडून सांगितलं. दुखायला कसं लागलं, वर्ध्याला कसं नेलं, मी काय पाहिलं, हे रोज सकाळी भांडी कशी घासतात, सगळं. आधी लाज वाटली. मग वाटेनाशी झाली. ओरडता ओरडता रडत होते, आई डोळे मिटून, उजवा कान माझ्याकडं करून ऐकत होती.

माझं संपल्यावर म्हणाली, "पोरगा होता का पोरगी?"

मला हे कोणीच विचारलं नव्हतं. ना घरच्यांनी, ना शेजारणींनी.

"पोरगी!" मी ओरडले.

"नाव काय ठेवनार होती?"

ते मी कुणालाही सांगितलेलं नव्हतं, ह्यांनाही नाही. मी सांगितलं, पण आवाज फुटेना.

"आं?" आईनं कानामागं हात धरला.

मी परत सांगितलं.

"मोठ्यानं सांग ना वं माय. नाई आलं ऐकू."

मी उठून उभी राहिले. पाण्याकडं तोंड केलं आणि होता नव्हता तेवढा जीव लावून ते नाव घेतलं. खेळायला गेलेल्या पोरीला जेवायला घरी बोलावतात तसं.

आईला ऐकू आलं. तिनं मान हलवली, आणि तिच्या त्या मोठ्या, बहिऱ्या आवाजात पाण्याकडं पाहत ते नाव घेतलं. थोडं थांबून परत घेतलं. माझ्या पोरीला नावानं हाक मारणारं आम्हा दोघींशिवाय या जगात कोणी झालं नाही.